चार्जिंगची खिशातली टॉर्च कशी निवडावी: रानात, पावसात आणि रात्रपाळीला रोज वापरायची म्हणून

टॉर्च मागितली की दुकानदार ती लावून समोरच्या भिंतीवर मारून दाखवतो. दोन हातांवरच्या भिंतीवर कुठलीही टॉर्च झकास दिसते, त्यावरून काही ठरवू नका. आपल्याकडे टॉर्चचं खरं काम वेगळं असतं. रात्री थ्री-फेज आली की मोटर सुरू करायची, उसात दारं धरायची आणि पहाटे घरी यायचं. तेवढा वेळ उजेड एकसारखा राहिला पाहिजे. खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात ती बंद पडता कामा नये. आणि दिवसा खिशात ओझं वाटू नये, नाहीतर ती घरीच राहते आणि नेमकी लागते तेव्हा हाताशी नसते. हे सगळं ठरतं मुख्यतः आतल्या सेलवर. म्हणून निवड सेलपासून सुरू करा, खोक्यावरचा ल्युमेनचा, म्हणजे एकूण उजेडाचा, आकडा शेवटी बघा.

सेल

छोट्या टॉर्चमध्ये लिथियम-आयनचे तीन सेल नेहमी दिसतात. त्यांच्या नावातच माप असतं: पहिले दोन आकडे जाडी, पुढचे दोन लांबी, मिलिमीटरमध्ये. १४५०० म्हणजे १४ मिमी जाड, ५० मिमी लांब, नेहमीच्या पेन्सिल सेलएवढा. त्याची क्षमता, म्हणजे आत साठणारी वीज, ८०० ते १००० एमएएच (मिलिअँपिअर-अवर). १८६५० हा अंगठ्याएवढा जाड, २६०० ते ३५०० एमएएच. २१७०० त्याहून जाड, ४००० ते ५००० एमएएच आणि थोडा वरही.

खिशात ठेवून रात्रभर वापरायची तर १८६५० ची टॉर्च सगळ्यात सोयीची पडते. सेलसकट वजन साधारण १०० ते १२० ग्रॅम, लांबी ११ सेंमीच्या आसपास. सदऱ्याच्या वरच्या खिशाला ती जड होते, पण पँटच्या किंवा कोपरीच्या बाजूच्या खिशात नीट बसते. २१७०० हातात भरभक्कम वाटते, पण रोज खिशात बाळगणारे लोक थोड्याच दिवसांत ती गाडीच्या डिकीत टाकतात. १४५०० घ्यायची तर पेन्सिल सेलवरही चालणारी घ्या. चार्जिंग संपलं तरी गावातल्या किराणा दुकानात मिळणारा १.५ व्होल्टचा सेल टाकून घरी पोचता येतं. मात्र १४५०० चा सेल कौतुकानं भिंतीवरच्या घड्याळात किंवा रिमोटमध्ये टाकू नका. पूर्ण चार्ज झाल्यावर तो ४.२ व्होल्ट देतो, त्यात घड्याळ जळतं.

आता हिशेब. एमएएचला ३.६ नं गुणा आणि १००० नं भागा, वॅट-अवर, म्हणजे सेलमधली एकूण ऊर्जा, मिळते. ३००० एमएएचचे झाले साधारण ११. चांगली एलईडी आणि चांगलं सर्किट असेल तर एका वॅटमागे ढोबळमानानं १०० ल्युमेन उजेड पडतो. म्हणजे ११ वॅट-अवरचा सेल १०० ल्युमेनवर दहा-अकरा तास चालेल, ५०० वर जेमतेम दोन तास, आणि १४५०० चा सेल १०० ल्युमेनवर तीन तास. कुठल्याही टॉर्चचं खोकं हातात घेतल्यावर हे गणित करून बघा. एवढ्याशा सेलवर ‘१००० ल्युमेन, १० तास’ लिहिलं असेल तर दोनपैकी एक आकडा खोटा आहे. आणि ज्यावर ‘१,००,००० ल्युमेन’ छापलेलं असतं, तिला १००० वॅट, म्हणजे एका इस्त्रीएवढी वीज लागेल. ती खिशातल्या सेलमधून येत नाही.

सेलवरचे आकडेही असेच फुगवलेले असतात. १८६५० वर ९९०० एमएएच लिहिलेलं असेल तर तो सेल घेऊ नका. त्या मापात आज ३५०० च्या आसपास मजल संपते. शंका आली तर डिजिटल काट्यावर ठेवा. चांगला १८६५० हा ४५ ते ५० ग्रॅम भरतो. ४० च्या खाली आला तर आत माल कमी आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या लिथियम सेलला आयएस १६०४६ या मानकाखाली बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी सक्तीची आहे. सेलवर किंवा वेष्टनावर ती खूण आणि ‘आर’पासून सुरू होणारा क्रमांक शोधा.

सेल बदलता येतो का, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. सेल आतच बंद केलेली टॉर्च दिसायला नीटनेटकी असते, पण दोन-तीन वर्षांत सेल थकला की टॉर्चच फेकावी लागते. भिंतीच्या प्लगात सरळ खोचायच्या जुन्या प्लॅस्टिकच्या टॉर्चमध्ये बहुधा लेड-ॲसिड बॅटरी असते. ती रिकामी करून महिनाभर फळीवर ठेवली की आतल्या पट्ट्यांवर सल्फेट धरतं आणि पुढं चार्जच होत नाही. पावसाळ्यानंतर बाहेर काढलेली टॉर्च दहा मिनिटांत बसते, त्याचं कारण हेच.

किती उजेड, कसला उजेड

घरात लाइट गेल्यावर २ ते ५ ल्युमेन पुरतात, झोपलेल्यांना त्रासही होत नाही. ओळखीच्या पायवाटेला ३० ते ५०. बांधावरून, सरीतून चालताना १०० ते १५०. खानापूरच्या जंगलालगतच्या रस्त्यावर पुढे गवा उभा आहे की काय हे बघायला क्षणभर ५०० ते १०००. हा शेवटचा ‘टर्बो’ छोट्या टॉर्चमध्ये एक ते तीन मिनिटंच टिकतो. अंग तापतं आणि सर्किट स्वतः उजेड उतरवतं. हा बिघाड नाही, एलईडी वाचवण्यासाठी केलेली सोय आहे. म्हणून टर्बोचा आकडा बघून टॉर्च घेऊ नये. मधल्या पायरीवर किती ल्युमेन किती तास मिळतात, ते बघून घ्यावी.

नामांकित टॉर्चच्या खोक्यावरचे आकडे एफएल-१ या मानकाप्रमाणे मोजलेले असतात. त्यात चालण्याचा वेळ धरतात तो उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा. ‘६ तास’ लिहिलेल्या टॉर्चनं पहिल्या दोन तासांनंतर निम्मा उजेडही दिला नाही, तरी तो आकडा नियमात बसतो. उजेडाचा आलेख दिलेला असेल तर तोच बघा: रेघ सपाट जाऊन शेवटी एकदम खाली आली तर सर्किट चांगलं, पहिल्या मिनिटापासून उतरत गेली तर साधं. पल्ल्याचंही तसंच. ‘२०० मीटर’ म्हणजे तिथे पौर्णिमेच्या चांदण्याएवढा, पाव लक्स उजेड पोचतो. जनावर ओळखायला त्याच्या निम्मं अंतर धरून चाला, कधी त्याहून कमी.

आपल्याकडच्या बहुतेक कामांना पसरट झोत बरा. उसात अरुंद झोत जवळच्या पानांवर आपटून डोळ्यांवर येतो आणि पायाजवळचं काहीच दिसत नाही. भाताच्या बांधावरही पायाखालचे दहा-पंधरा फूट एकसारखे उजळले पाहिजेत. लांबचं बघायची गरज रोजची असेल तरच खोल, गुळगुळीत रिफ्लेक्टरची टॉर्च घ्या. पुढचं तोंड मागेपुढे सरकवून झोत बदलणारी झूम टॉर्च बाजारात खूप खपते, पण सरकत्या तोंडातून पाणी आणि धूळ आत जाते. पावसाळी भागात ती टाळलेलीच बरी.

रंगाकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात आणि जिवाशी गाठ असलेली गोष्ट हीच. केल्विन हे उजेडाच्या छटेचं माप. ६५०० केल्विनचा निळसर पांढरा उजेड डोळ्याला प्रखर वाटतो, पण त्यात माती, पाचट आणि वाळकी पानं एकाच राखाडी रंगाची दिसतात. ४००० ते ५००० केल्विनचा आणि ९० किंवा त्याहून जास्त सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा १०० पैकी आकडा) असलेला उजेड घेतला तर तपकिरी छटा सुट्या होतात. पाचटात पडलेल्या घोणसीच्या अंगावरची साखळी किंवा पानात दडलेलं फुरसं अशा उजेडात लवकर ओळखू येतं. अशा एलईडीचे ल्युमेन थोडे कमी भरतात. तो सौदा डोळे झाकून करावा. घाटातल्या धुक्यातही पिवळसर झोत डोळ्यांना कमी टोचतो, पण तिथे खरा उपाय उजेड कमी करण्याचा आहे, कारण थेंबांवरून उलटून येणारा झोतच समोरचं झाकतो.

टॉर्च धरायची ती कमरेच्या खाली, झोत थोडा आडवा. डोळ्यांच्या उंचीवरून मारलेल्या उजेडात सावली वस्तूच्या मागे लपते आणि जमीन सपाट दिसते. खालून तिरका उजेड पडला की दगड, खड्डा, वेटोळं, सगळ्यांच्या सावल्या लांब पडतात आणि नजर आपोआप तिथे जाते.

बटण, चार्जिंग, पाणी

बटण दाबल्यावर आधी मंद किंवा मागच्या वेळी ठेवलेला उजेड यावा. फ्लॅश आणि एसओएस (मदतीच्या इशाऱ्याची उघडझाप) नेहमीच्या फेऱ्यात नसावेत, वेगळं दाबून धरल्यावरच यावेत. स्वस्त टॉर्चमध्ये मोठा, मधला, लहान, फ्लॅश, एसओएस अशी पाच पायऱ्यांची माळ असते आणि बांधावर एका हातात खोरं असताना ती मोजत बसावी लागते. खिशात चुकून लागू नये म्हणून लॉक हवं. शेपटीचं झाकण पाव फेरा सैल केलं की बंद राहणारी टॉर्च सर्वांत खात्रीची, कारण त्यात वीजच तुटते. इलेक्ट्रॉनिक बटण बंद असतानाही थोडी वीज खात राहतं. ५०० ल्युमेनवर खिशात लागून राहिलेली टॉर्च कापड पोळवते, हे विसरू नका.

चार्जिंगला यूएसबी-सी घ्या, म्हणजे मोबाईलचीच केबल चालते. पण एक परीक्षा दुकानातच करा: दोन्ही टोकांना सी असलेली केबल लावून चार्जिंगचा दिवा लागतो का बघा. स्वस्त टॉर्चमध्ये पोर्टाजवळचे दोन छोटे रेझिस्टर गाळलेले असतात, त्यामुळे नवा चार्जर तिला वीजच देत नाही. एका टोकाला जुना चौकोनी प्लग असलेल्या केबलवरच ती चार्ज होते. १ अँपिअरनं ३००० एमएएच भरायला साडेतीन ते चार तास लागतात.

चुंबकानं चिकटणाऱ्या चार्जिंगला पोर्टचं भोक नसतं, ही त्याची जमेची बाजू. पण ती केबल खास असते. हरवली तर तालुक्याच्या बाजारात मिळेल याची खात्री नाही. आणि बेळगावच्या उद्यमबागेसारख्या कारखान्यांच्या ठिकाणी लेथवर, फाउंड्रीत काम करणाऱ्यांनी ती घेऊच नये. लोखंडाचा बारीक कीस चुंबकाला चिकटून दोन संपर्कांमध्ये बसतो आणि शॉर्ट होतो.

पाण्यासाठी आयपीएक्स ४ म्हणजे शिंतोडे, आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, आयपीएक्स ८ त्याहून जास्त. आयपी ६८ मध्ये धुळीचाही बंदोबस्त येतो. खानापूरकडच्या पावसाला आणि पाटात पडण्याच्या शक्यतेला आयपीएक्स ७ च्या खाली जाऊ नका. निपाणी, अथणी, रायबागकडे धूळही तेवढीच महत्त्वाची. पोर्टाची रबरी टोपी हाच सगळ्यात आधी फाटणारा भाग. नखानं दोनदा उघडून बघा, पातळ आणि सैल असेल तर दुसरी दाखवायला सांगा.

घेताना आणि घरी आणल्यावर

दुकानात टॉर्च मधल्या पायरीवर लावून मोबाईलच्या कॅमेऱ्यातून झोताकडे बघा. पडद्यावर काळ्या पट्ट्या सरकत असतील तर सर्किट उजेड चालू-बंद करून कमी करतंय; वाहत्या पाण्याकडे बघताना तो लुकलुकतो आणि डोळे थकतात. टॉर्च हातात हलवा, आत खुळखुळ नको, उजेड क्षणभरही जाऊ नये. झाकण उघडून आटे बघा: स्वच्छ, चौकोनी कापाचे, वर ओ-रिंग, म्हणजे पाणी अडवणारं रबरी कडं, बसलेली.

घरी आणल्यावर, बदलून मिळायची मुदत आहे तोवर, दोन गोष्टी करा. पूर्ण चार्ज करून १०० ल्युमेनच्या आसपासच्या पायरीवर लावून ठेवा आणि उजेड स्पष्ट उतरायला किती तास लागले ते लिहा. वरच्या हिशेबाच्या निम्म्याच्याही खाली आलं तर परत करा. आयपीएक्स ७ लिहिलेलं असेल तर सेल काढून आत कोरड्या टिश्यूचा तुकडा ठेवा, झाकण घट्ट करा आणि अर्धा तास बादलीत बुडवा. बाहेर काढून आधी पुसा, मग उघडा. टिश्यू ओला असेल तर खोक्यावरचा आकडा नुसता छापलेला आहे.

पावसाळ्याच्या तोंडावर आटे सुती फडक्यानं पुसून ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. खोबरेल तेल लावू नका, ते माती धरतं आणि चिकट होतं. काचेच्या आत वाफ दिसली तर सेल काढा, टॉर्च उघडी करून रात्रभर पंख्याखाली ठेवा आणि ओ-रिंग चिरली आहे का तपासा. ओल्या पोर्टला केबल लावू नका, पाणी झटकून पूर्ण वाळू द्या.

सेल पूर्ण रिकामा होईपर्यंत वाट बघू नका. रोज वापरणाऱ्यानं दोन-तीन दिवसांनी चार्ज करावा. महिनाभर ठेवायची असेल तर अर्धी भरून ठेवा. एप्रिल-मे मध्ये गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा डिकीत सोडू नका, त्या उष्णतेत सेल पटकन म्हातारा होतो. सुटा सेल किल्ल्या-नाण्यांबरोबर खिशात टाकू नका, प्लॅस्टिकच्या डबीतच ठेवा. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून जाताना सुटे सेल चेक-इन सामानात चालत नाहीत, हातातल्या पिशवीत घ्या.

वरचं वेष्टन फाटलेला, चेपलेला, फुगलेला किंवा चार्ज होताना चटका बसावा इतका तापणारा सेल पुन्हा वापरू नका. त्याच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा, तो उकिरड्यावर किंवा पाचटाच्या जाळात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.