अर्व्हिंगमध्ये पहिलं भाड्याचं घर घेताना

दर उन्हाळ्यात पुण्याहून, नागपूरहून कुणीतरी टेक्सासमधल्या डॅलसजवळच्या आमच्या या अर्व्हिंगमध्ये येतं, आणि फोनवर पहिला प्रश्न हाच असतो: "वन बेडरूम बघतोय, स्विमिंग पूल आहे, घेऊ का?" पूल इथे जवळपास प्रत्येक कॉम्प्लेक्सला असतो. निळ्या पाण्याचा फोटो पाहून घर ठरवू नका. मी २०११ साली तसंच ठरवलं होतं. खिडकीखालीच पूल होता, त्यामुळे मे ते सप्टेंबर शनिवार-रविवारी रात्री झोप लागायची नाही. पूल असू दे, पण आपलं घर दोन इमारती पलीकडे असू दे.

फर्स्ट फ्लोअर म्हणजे इथे तळमजला. "पहिला मजला मिळाला" म्हणून खूश झालेले दोन जण मी पाहिले आहेत.

घर शोधून देणाऱ्यांना इथे लोकेटर म्हणतात. त्यांचे पैसे कॉम्प्लेक्स देतं, आपण नाही, त्यामुळे त्यांची मदत जरूर घ्या. मात्र जिथून त्यांना पैसे मिळतात तीच घरं ते दाखवतात, हे लक्षात असू द्या. आपल्या माणसांचंही तसंच. अर्व्हिंगच्या व्हॅली रँच भागात आपली वस्ती दाट आहे. "आमच्याच कॉम्प्लेक्समध्ये ये" असं म्हणणाऱ्याला अनेकदा रेफरलचे, म्हणजे नवा भाडेकरू आणून दिल्याचे, पैसे मिळतात. त्यात वाईट काही नाही. फक्त ते निम्मे-निम्मे करायचं आधीच बोलून घ्या आणि त्याचं नाव पहिल्याच अर्जात लिहा, नंतर कॉम्प्लेक्सचं ऑफिस ऐकत नाही. एका बेडरूमच्या घरात चौघांनी राहून लीजवर, म्हणजे भाडेकरारावर, दोघांचीच नावं लावायचा सल्लाही आपलेच लोक देतात. तो अजिबात ऐकू नका. उघडकीला आलं तर ज्याचं नाव लीजवर आहे तोच अडकतो.

जाहिरातीतलं भाडं हे पूर्ण भाडं नसतं. दाराबाहेरचा कचरा उचलण्याचे, पेस्ट कंट्रोलचे, पार्किंगचे पैसे वेगळे लागतात. पाण्याचं बिल बऱ्याच ठिकाणी मीटरवर नसतं, सगळ्या इमारतीचं बिल माणसांच्या संख्येच्या किंवा घराच्या आकाराच्या हिशोबाने वाटून येतं. महिन्याचा एकूण आकडा ईमेलवर मागून घ्या.

विजेचं मात्र नीट समजून घ्या. इथे वीज कुणाकडून घ्यायची ते आपण निवडतो. तारा आणि मीटर ऑन्कोर या एकाच कंपनीचे, पण बिल पाठवणाऱ्या कंपन्या अनेक. वीज कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या आयोगाची 'पॉवर टू चूज' नावाची साइट आहे, तिथे दर दिसतात. फसगत होते ती तिथेच. साइटवर सगळ्यात स्वस्त दिसणारे बरेच प्लॅन महिन्याला १००० युनिट वापरले तरच स्वस्त असतात. तेवढा वापर झाला की बिलातून मोठी सूट मिळते, ९९० झाला तर काहीच नाही. वन बेडरूममध्ये जुलै-ऑगस्टमध्ये एसीमुळे वापर वर जाईल, पण हिवाळ्यात त्याच्या आसपासही जाणार नाही. तेव्हा सूट नसलेला, सरळ दराचा, बारा महिन्यांचा फिक्स्ड प्लॅन घ्या. चावी मिळण्याआधी ऑफिस वीज खात्याचा नंबर मागतं, म्हणून हे आदल्या आठवड्यातच उरका.

आता नोटिशीबद्दल. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

माझं लीज ३१ मे २०१३ ला संपत होतं. मला वाटलं, करार संपला की घर सुटलं. एप्रिलच्या सुरुवातीला ऑफिसात जाऊन तिथल्या मुलीला सांगितलं, ती हसून "नो प्रॉब्लेम" म्हणाली. ३१ मेला चाव्या दिल्या. ऑगस्टमध्ये वसुली कंपनीचं पत्र आलं: दोन महिन्यांचं भाडं, सुमारे १८०० डॉलर. लीजमध्ये स्पष्ट लिहिलं होतं की जाण्याआधी ६० दिवस लेखी कळवायचं, तोंडी सांगितलेलं धरणार नाही. ती मुलगी तोवर नोकरी सोडून गेली होती. पैसे भरलेच, शिवाय क्रेडिट रिपोर्टवरचा, म्हणजे आपण देणी वेळेवर फेडतो का याच्या नोंदीवरचा, तो डाग वर्षानुवर्षं राहिला आणि घराचं कर्ज घेताना आडवा आला. इथली माणसं बोलायला फार गोड आहेत, ते खोटंही नसतं. पण चालतो तो कागद.

म्हणून लीजवर सही केली त्याच दिवशी नोटिशीची तारीख फोनमध्ये टाका. ६० दिवस असतील तर ७५ दिवस आधीची टाका. नोटीस लिहून द्या आणि पोच घ्या. पोच मिळाली नाही तर पुन्हा पाठवा. नवा पत्ताही लेखी द्या, कारण टेक्सासच्या कायद्याप्रमाणे घरमालकाने ३० दिवसांत डिपॉझिट परत करायचं किंवा कापलेल्या पैशांचा हिशोब द्यायचा असतो, पण तुमचा नवा पत्ता लेखी मिळेपर्यंत त्याच्यावर ते बंधन नसतं. आत राहायला जाताना मिळणारा तपासणीचा कागद दिलेल्या मुदतीत भरून परत करा, कार्पेटवरच्या प्रत्येक डागाचा फोटो काढा. पुढे त्यातलाच एखादा डाग तुमच्या हळदीच्या नावावर लागू शकतो.

फोडणीच्या धुराने अलार्म वाजतो, खिडकी उघडूनच फोडणी द्या. सिंकखालच्या डिस्पोजलमध्ये, म्हणजे खरकटं दळणाऱ्या यंत्रात, भात आणि कांद्याची सालं टाकू नका.

पूलवर जीवरक्षक नसतो, तशी पाटीच असते. लहान मूल असेल तर कुंपणाचं फाटक आपोआप बंद होऊन कडी लागते का, हे घर बघायला गेलात त्याच दिवशी स्वतः ढकलून पाहा. नसेल तर ते घर घेऊ नका. काचेची बाटली, ग्लास आत नेऊ देत नाहीत, आणि साध्या कपड्यांत पाण्यात उतरू देत नाहीत. आई-बाबा सहा महिन्यांसाठी येणार असतील तर आधी ऑफिसला लेखी कळवा, कारण पाहुण्यांनी किती दिवस राहायचं तेही लीजमध्ये लिहिलेलं असतं. पूलच्या फाटकाची दुसरी चावी तेव्हाच मागून ठेवा. तुम्ही कामावर असताना संध्याकाळी ऊन उतरल्यावर पाण्याकाठी बसायला त्यांना ती लागेल.