आकडे जुळवण्याआधी पाण्यात बघा

लालबागच्या चाळीत आमच्याच खोलीत मी अकरावी-बारावीची केमिस्ट्री शिकवते. आम्ल-आम्लारीचं आयनिक समीकरण आलं की मुलं लगेच आकडे जुळवायला घेतात. मी आधी पेन खाली ठेवायला सांगते आणि विचारते, "हा पदार्थ पाण्यात फुटतो का, म्हणजे त्याचे आयन (विद्युतभार असलेले कण) सुटे होतात का?"

हायड्रोक्लोरिक आम्ल पूर्ण फुटतं, सोडियम हायड्रॉक्साइडही फुटतं. म्हणून डावीकडे चार आयन सुटे मांडा. उजवीकडे सोडियम⁺, क्लोराइड⁻ आणि पाणी. पाणी जवळजवळ फुटतच नाही, म्हणून ते फोडायचं नाही. दोन्हीकडे जसेच्या तसे आहेत ते प्रेक्षक आयन, ते खोडा. उरलं ते खरं:

हायड्रोजन⁺ + हायड्रॉक्साइड⁻ → पाणी

नायट्रिक आम्ल आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड घेतलं तरी हेच उरतं. मुलांना वाटतं, ही खोडाखोडी फक्त मार्कांसाठी. तसं नाही. विरल द्रावणात दोन्ही जोड्यांमधून एक मोल (रेणू मोजायचं ठरलेलं माप) पाणी बनताना सुमारे ५७ किलोज्यूलच उष्णता निघते. बाटल्या बदलल्या तरी भांड्यात घडतं ते एकच, याचा इतका सरळ पुरावा हाताशी असताना तो शिकवायचा राहतो, याचं मला फार वाईट वाटतं.

खरी गडबड होते ती दुर्बल आम्लाशी. परवा एक मुलगी दादर चौपाटीवरून शिंपला घेऊन आली. स्टीलच्या वाटीत ठेवून त्यावर व्हिनेगर ओतलं. थोड्या वेळाने शिंपल्याच्या रेघारेघांत बारीक बुडबुडे चिकटले, मग एकेक सुटून वर येऊ लागले. "लिहा आता," म्हटलं, तर जवळजवळ सगळ्यांनी सगळंच फोडलं!

शिंपला मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा. तो पाण्यात विरघळत नाही, म्हणजे अखंड लिहायचा. व्हिनेगरमधलं ॲसिटिक आम्ल अगदी थोडं फुटतं, म्हणून तेही अखंड:

कॅल्शियम कार्बोनेट (घन) + २ ॲसिटिक आम्ल → कॅल्शियम⁺⁺ + २ ॲसिटेट⁻ + पाणी + कार्बन डायऑक्साइड

आता अणू मोजा. कार्बन डावीकडे पाच, उजवीकडेही पाच. मग भार: डावीकडे शून्य, उजवीकडे अधिक दोन आणि उणे दोन, म्हणजे शून्यच. भार जुळत नसेल तर आयनाच्या डोक्यावरचं चिन्ह बदलू नका, त्याच्या आधी लिहिलेला आकडा बदला. ही चूक हुशार मुलंही करतात.

भार शून्यच यावा असंही नाही, दोन्हीकडे सारखा हवा. ॲसिडिटीवर घेतात ते मिल्क ऑफ मॅग्नेशिया पाहा. बाटली हलवली की पांढरं, गढूळ दिसतं, कारण त्यातलं मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड जवळजवळ विरघळलेलंच नसतं. जठरातलं आम्ल मात्र हायड्रोक्लोरिक. यावरून समीकरण स्वतः लिहा. भार दोन्हीकडे अधिक दोन आला, तर वही मिटा.