कॅलिफोर्निया सोडून टेक्ससला निघताय? आधी तारखेचा पुरावा

घरांच्या किमती, १३.३ टक्क्यांपर्यंत चढणारा राज्याचा इन्कम टॅक्स, राजधानी सॅक्रामेंटोच्या राजकारणाचा आलेला वीट. कारण काहीही असो, बे एरियातून टेक्ससमधल्या फ्रिस्को-ऑस्टिनकडे निघणाऱ्यांनी खोकी बांधण्याआधी एक फाइल उघडावी. आपण कॅलिफोर्निया नेमकं कधी सोडलं, याचा पुरावा तिच्यात ठेवायचा. ती नसली की पुढे कॅलिफोर्नियाच्या टॅक्स खात्याच्या नोटिशीला उत्तर देताना किती दमछाक होते, हे मी भोगलंय.

मूव्हरचं बिल, नवा भाडेकरार, जुन्या घराची वीज तोडल्याची पावती, मुलांच्या शाळेचे कागद. सगळ्यांवरच्या तारखा जुळल्या पाहिजेत. नुसता टपालाचा पत्ता बदलला म्हणजे राज्य सुटलं, असं होत नाही. नवरा पुढे गेला आणि बायको-मुलं शाळेचं वर्ष संपेपर्यंत फ्रीमाँटला राहिली, ही आपल्याकडची नेहमीची सोय. टॅक्सच्या दृष्टीने सगळ्यात नाजूक प्रकार हाच. सीपीएला, म्हणजे टॅक्सचं बघणाऱ्या अकाउंटंटला, निघण्याआधी विचारा, एप्रिलमध्ये रिटर्न भरताना नाही. आरएसयू (कंपनीने पगाराबरोबर देऊ केलेले शेअर्स) असतील तर ते कबूल झाल्यापासून (ग्रँट) हक्काचे होईपर्यंतचे (व्हेस्ट) जितके कामाचे दिवस कॅलिफोर्नियातले, तितक्या हिश्शावर तिथला टॅक्स लागतो, मग तुम्ही राहायला कुठेही असा. म्हणजे पुन्हा तारीखच.

एच-वन-बी व्हिसावर असाल तर नव्या शहरात काम सुरू करण्याआधी कंपनीने व्हिसाचा सुधारित अर्ज दाखल केलेला हवा. मॅनेजर 'जा, नंतर बघू' म्हणाला तरी जाऊ नका.

टेक्ससमध्ये राज्याचा इन्कम टॅक्स नाही म्हणून लगेच मोठं घर घेऊ नका. कॅलिफोर्नियात १९७८ च्या प्रॉपोझिशन १३ या कायद्यामुळे घरपट्टीसाठी धरलेलं घराचं करपात्र मूल्य वर्षाला २ टक्क्यांपेक्षा जास्त वाढत नाही. टेक्ससमध्ये राहत्या घराचंही ते १० टक्क्यांपर्यंत वाढू शकतं, आणि कराचा दरही चढा. नव्या वसाहतींत अनेकदा एमयूडीचा (पाणी-सांडपाण्याची सोय करणाऱ्या स्थानिक संस्थेचा) कर वेगळा पडतो. घर बघतानाच विचारा. होमस्टेड एक्झम्प्शनचा, म्हणजे राहत्या घराच्या घरपट्टीतल्या सवलतीचा, अर्ज फुकट असतो. त्यासाठी पैसे मागणारी पत्रं सरळ फाडून टाका.

राजकारणाला कंटाळून निघत असाल तर तिथलंही राजकारण नीट समजून घ्या. २०२२ पासून टेक्ससमध्ये गर्भपातावर जवळजवळ पूर्ण बंदी आहे. बाळाचा विचार असेल तर दोघांनी बसून हे आधी बोला आणि डॉक्टरांशीही बोला.

कढीपत्त्याची कुंडी मैत्रिणीला देऊन टाका. तो लिंबाच्या कुळातला. लिंबूवर्गीय झाडांच्या किडीमुळे कॅलिफोर्नियाच्या बऱ्याच भागांतून ते झाड बाहेर न्यायला बंदी आहे. जीव तुटतो, पण नेऊ नका.

सामान, बँक, लसीकरणाचे कागद, मतदार नोंदणी: नेहमीचंच. गाडीचा तिथला विमा आधी, मग ३० दिवसांत नोंदणी. टेक्ससच्या ड्रायव्हिंग लायसन्सला ९० दिवस मिळतात, पण तेवढे थांबू नका. तारखेचा तो पक्का पुरावा आहे, होमस्टेडलाही तेच लायसन्स आणि त्यावर त्याच घराचा पत्ता लागतो. अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही, निघण्याआधीच घेऊन ठेवा.