एडवर्ड्स ओरडला नव्हता! प्युरिटन प्रवचनावर लिहिताना या चुका टाळा

उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सोडला की पहिल्या पाचांत एक वाक्य सापडणार म्हणजे सापडणारच: ‘जोनाथन एडवर्ड्स व्यासपीठावरून गर्जना करत असे आणि श्रोते थरथर कापत.’ एडवर्ड्स म्हणजे अठराव्या शतकातला, अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातला पाद्री; प्युरिटन म्हणजे चर्च ऑफ इंग्लंड शुद्ध करू पाहणारे कडवे प्रोटेस्टंट. श्रोते कापत होते, हे खरं. गर्जना कुठून आली?

दोष एकट्या पोरांचा नाही. एमएच्या दुसऱ्या वर्षाला सेमिनारमध्ये मी स्वतः हेच केलं होतं. ‘सिनर्स इन द हँड्स ऑफ अ‍ॅन अँग्री गॉड’ या एडवर्ड्सच्या प्रवचनातला कोळ्याचा (जाळं विणणाऱ्या किड्याचा) परिच्छेद पाठ केला, आरशासमोर तालीम केली आणि वर्गात टेबलावर मूठ आपटत असा काही म्हटला की शेजारच्या वर्गातले सर दार उघडून बघून गेले. वक्तृत्व स्पर्धेचे दोन करंडक घरात होते, त्याचा माज. टाळ्या पडल्या. बाई शांतपणे म्हणाल्या, “छान. आता तोच परिच्छेद मान वर न करता वाच. वाण्याची यादी वाचतोस ना, तसा.” वाचला. तिसऱ्या वाक्याला वर्गातली चुळबुळ थांबली आणि पाचव्याला माझ्याच पोटात गोळा आला.

बाईंनी मग त्या प्रवचनाची तारीख सांगितली: ८ जुलै १७४१, गाव एन्फील्ड. तेव्हा मॅसॅच्युसेट्समध्ये, आज कनेक्टिकटमध्ये. एडवर्ड्सचा आवाज बारीक, हातवारे जवळजवळ नाहीत, समोर लिहून आणलेले कागद. बोलताना त्याची नजर घंटेच्या दोरीवर असायची, अशी आठवण सांगतात. त्या दिवशी हजर असलेल्या स्टीफन विल्यम्स या पाद्र्याच्या रोजनिशीत नोंद आहे की प्रवचन संपायच्या आतच सभागृहात रडणं-ओरडणं सुरू झालं, ‘माझं तारण कसं होईल’ असा आक्रोश उठला आणि वक्त्याला थांबावं लागलं. ओरडले ते श्रोते. त्या काळातला खरा बुलंद आवाजाचा माणूस म्हणजे गावोगाव फिरणारा प्रवचनकार जॉर्ज व्हाइटफील्ड. फिलाडेल्फियात तो उघड्यावर बोलत असताना बेंजामिन फ्रँकलिन मागे मागे चालत गेला, आवाज कुठवर पोहोचतो ते पाहिलं आणि तीस हजारांहून जास्त माणसांना ऐकू जाईल असा हिशेब मांडला. तुम्ही एडवर्ड्सच्या तोंडी व्हाइटफील्डचा गळा बसवताय.

हा केवळ तपशिलाचा घोळ नाही. ओरडणाऱ्या माणसाचा राग येतो, आणि राग आला की आपण सुटतो. सपाट आवाजात वाचणाऱ्यावर रागवायचं कसं? तिथे फक्त वाक्य उरतं आणि आपण. म्हणून माझी सवय अशी: कुठलंही प्युरिटन प्रवचन आधी एकदा मोठ्याने, पण अगदी निर्विकार वाचायचं. पेन नंतर उचलायचं.

दुसरी चूक मला जास्त छळते. ‘कोळी: प्रतिमा. धनुष्य: प्रतिमा. पुन्हा पुन्हा तेच शब्द: पुनरावृत्ती. भीती: भावनिक आवाहन.’ गाईडमधली चौकट जशीच्या तशी. हे वाचन नव्हे, जनगणना आहे. प्रतिमा आहे हे शेंबड्या पोरालाही दिसतं. ती तिथे काय काम करते, ते लिहा की.

करून दाखवतो. प्रवचनाचं मूळ वचन बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातलं (३२:३५), पाय घसरण्याचं. घसरणाऱ्याला कुणी ढकलावं लागत नाही, तो स्वतःच्या वजनाने पडतो. एडवर्ड्स हा मुद्दा सुरुवातीलाच फोडून सांगतो आणि पुढची सगळी चित्रं या एका वजनावर चालवतो. तुमचं पाप तुम्हाला शिशासारखं जड करतं. तुम्ही कुजक्या आच्छादनावरून चालताय. तुमचं पुण्य तुम्हाला सावरू शकेल तितकंच, जितकं कोळ्याचं जाळं कोसळत्या दगडाला. आणि थोडं पुढे गेल्यावर कोळी स्वतःच येतो: आगीवर, कुणाच्यातरी हातात. म्हणजे आधी तुमचा आधार कोळ्याच्या जाळ्याइतका, मग तुम्हीच कोळी. हा माणूस विशीत असताना हवेतून तरंगत जाणाऱ्या कोळ्यांचं निरीक्षण करून त्यावर पत्र लिहून मोकळा झाला होता (१७२३). तो धागा किती बारीक असतो, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

आता ‘हात’ बघा. इतक्या वजनाचा माणूस अजून पडला कसा नाही? कारण हाताने धरलंय. देवाला ढकलायची गरजच नाही, सोडलं की झालं. पण ज्या हाताची धास्ती, तोच हात एकमेव आधार. सबंध प्रवचन या एका गाठीवर उभं आहे, आणि आमची पोरं ‘येथे लेखकाने भीतीचा प्रभावी वापर केला आहे’ लिहून पान उलटतात.

याच्याच जोडीला सर्वनामं. निम्मं प्रवचन ‘ते’, ‘पापी माणसं’ यांच्याबद्दल आहे. बाकावरचा माणूस आरामात बसलाय, शेजाऱ्याच्या पापांचा विचार करतोय. मग ‘अ‍ॅप्लिकेशन’ (वचन श्रोत्यांना लावून दाखवणारा भाग) सुरू होतं आणि ‘ते’चं ‘तुम्ही’ होतं. पुढे तर तो म्हणतो, आज या सभागृहात या बाकांवर धडधाकट बसलेल्यांपैकी काहीजण उद्या सकाळच्या आत नरकात असले तर नवल नाही. मी लाल पेन्सिलने फक्त सर्वनामांना गोल करायला लावतो. कंटाळवाणं काम आहे. ज्यांना दहा मिनिटांत ‘मुद्दे’ हवे असतात ते तोंड वाकडं करतात. चॅटबॉटकडून सारांश आणणाऱ्यांना तर हे दिसतच नाही, कारण सारांशात सर्वनामंच गळून पडतात.

बाकीच्या चुका भरभर.

प्युरिटनांची साधी शैली म्हणजे अलंकार नाहीत, असं लिहू नका. इंग्लंडमधला प्युरिटन पाद्री विल्यम पर्किन्सचं ‘द आर्ट ऑफ प्रॉफेसाइंग’ (लॅटिन १५९२, इंग्रजी १६०७) पाद्र्यांना बजावतं की अभ्यास भरपूर करा पण तो दाखवू नका, कला लपवणं हीच कला. शेत, घर, स्वयंपाक, जहाज यांतले दाखले चालतात. लॅटिनचा फुलोरा चालत नाही. प्युरिटन पाद्री जॉन कॉटन केंब्रिजमध्ये भरजरी प्रवचनांसाठी प्रसिद्ध होता. एके दिवशी तो मुद्दाम साधं बोलला आणि कौतुक ऐकायला जमलेली विद्वान मंडळी नाराज झाली. त्याच प्रवचनाने जॉन प्रेस्टन या तिथल्या विद्वानाचं मन मात्र पालटलं.

वचन, सिद्धांत, उपयोग (बायबलचं वाक्य, त्यातून निघणारं तत्त्व, मग ते श्रोत्यांना लावणं) हा प्रवचनाचा सांगाडा न सांगता थेट ‘ईथोस-पॅथोस-लोगोस’वर (वक्त्याची विश्वासार्हता, भावना, तर्क) उडी मारू नका. मारायचीच तर सांगाडा सांगून मग.

सगळ्यांना एका होडीत बसवू नका. १६२० ला मेफ्लॉवर जहाजातून प्लिमथला उतरलेल्यांचा गाभा चर्च ऑफ इंग्लंडपासून फुटलेल्यांचा. १६३० ला विन्थ्रॉपबरोबर आले ते न फुटता सुधारणा करू पाहणारे. एडवर्ड्स त्यानंतर शंभरेक वर्षांनी, प्युरिटनांचा वारसदार. आणि विन्थ्रॉप पाद्री नव्हता, मॅसॅच्युसेट्स वसाहतीचा गव्हर्नर होता.

त्याच्या भाषणातलं ‘डोंगरावरचं नगर’ ही फुशारकी समजू नका. बायबलमधल्या मत्तय ५:१४ वरून उचललेल्या त्या वाक्याचा पुढचा भाग वाचा: सगळ्यांचे डोळे आपल्यावर आहेत, देवाशी खोटं वागलो तर जगभर आपली शोभा होईल. ती धमकी आहे.

‘जेरेमायड’ (लोक वाट चुकले म्हणून केलेली कानउघाडणी) म्हणजे नुसतं रडगाणं नव्हे. यिर्मया संदेष्ट्यावरून आलेला शब्द. सॅम्युअल डॅनफर्थचं १६७० मधलं निवडणुकीच्या दिवसाचं प्रवचन घ्या: तुम्ही या रानात कशाला आला होतात, असा खडा सवाल आहे आणि परत फिरायची वाटही.

‘हे आपल्या कीर्तनासारखेच आहे.’ नाही. तिथे ना टाळ, ना मृदंग, ना मध्येच अभंग.

‘आपला काय संबंध’ असंही नको. त्याच न्यू इंग्लंडच्या मंडळींनी १८१० मध्ये मिशनरी बोर्ड काढलं, त्यांची माणसं १८१३ ला मुंबईत उतरली, आणि १८४२ ला अहमदनगरात सुरू झालेलं ‘ज्ञानोदय’ त्यांच्याच मराठी मिशनचं.

शेवटची चूक, शेवट न वाचण्याची. निवडक वेच्यांत कोळी असतो, दार नसतं. एडवर्ड्स अखेरीस दयेचं दार सताड उघडं आहे असं म्हणतो आणि मग एक अस्सल गावकी डाव टाकतो: सफिल्डचे लोक रोज ख्रिस्ताकडे धावताहेत, तुमचे आत्मे त्यांच्यापेक्षा कमी मोलाचे आहेत का? सफिल्ड म्हणजे नदीपलीकडचं शेजारचं गाव.

हे वर्गात सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, “म्हणजे सर, शेजारच्या गावाला ग्रामस्वच्छतेचं बक्षीस मिळालं, आपण काय करतोय, असंच ना?” पोरगा पंचायतीत उठबस असलेल्या घरातला. त्या बॅचमध्ये सफिल्डबद्दल उत्तरात लिहिलं ते त्या एकट्यानेच.