वेडगळ मोबाइल गेम कसा निवडावा

वेडगळ गेममध्ये गोंधळ हाच खरा खेळ असतो, त्यामुळे तो निवडताना चित्रांची सफाई किंवा कथानक पाहण्याऐवजी हरतानाही हसू येते का, एवढेच आधी तपासावे. २०१४ मध्ये आलेल्या ‘गोट सिम्युलेटर’मध्ये एक शेळी माणसांना ढुशा देत, वस्तू उधळत सुटते, त्यातील अनेक तांत्रिक चुका निर्मात्यांनी मुद्दाम तशाच ठेवल्या, कारण गंमत नेमकी त्यांच्यातच होती.

दुसरी कसोटी डाव पुन्हा सुरू होण्याच्या वेगाची, आणि माझ्या मते तीच अधिक महत्त्वाची. ‘फ्लॅपी बर्ड’मध्ये बोटाने टिचकी मारण्यापलीकडे काहीच नव्हते, पण पक्षी पाइपावर आपटताच पुढचा डाव लगेच सुरू करता येई आणि चूक आपलीच असल्याचे दिसत असल्याने आणखी एकदा खेळण्याचा मोह आवरत नसे. (निर्माते डाँग गुयेन यांनी व्यसनाचेच कारण देऊन फेब्रुवारी २०१४ मध्ये तो स्टोअरमधून काढून घेतला.)

प्रत्येक पराभवानंतर लांबलचक जाहिरात दाखवणारा गेम ही लय मोडतो. तो इंटरनेटशिवाय चालत असेल, तर मोबाइल डेटा व वायफाय बंद करून खेळावा, म्हणजे बहुतेक जाहिराती येत नाहीत. गेमच्या सूचना (नोटिफिकेशन) बंद ठेवाव्यात, आणि फोन मुलांच्या हाती जाणार असेल, तर गेममधील खरेदीला पासवर्ड अवश्य लावावा.