ओळी खऱ्या, समज खोटा: प्रोफाइल लिहिताना या चुका टाळा

नोकरीसाठीच्या प्रोफाइलवर धडधडीत खोटं लिहिणारे थोडेच असतात. बहुतेक ठिकाणी एकेक ओळ तपासली तर ती खरीच निघते, पण सगळं वाचून झाल्यावर समोरच्याचा जो समज होतो तो चुकीचा असतो. आणि तो तसा व्हावा म्हणूनच ओळी बेतलेल्या असतात. माझ्या लेखी हेही खोटंच. तपासायचं असेल तर एकच प्रश्न विचारा: शेजारच्या खुर्चीत बसून तेच काम केलेल्या सहकाऱ्याने हे वाचलं, तर त्याला ते पटेल का?

महिने गाळणं

समजा, एका ठिकाणी तुम्ही नोव्हेंबर २०२२ ते फेब्रुवारी २०२३ असे चार महिने काम केलंत. प्रोफाइलवर नुसतं ‘२०२२–२०२३’ लिहिलं की वाचणारा दोन वर्षं धरून चालतो. आकडा खरा, हिशेब खोटा. म्हणून महिन्यासकट लिहा.

मध्ये खंड पडला असेल तर त्याची लाज बाळगू नका. आजारपण असतं, घरातल्या कुणाची काळजी घ्यावी लागते, कधी नुसतीच नोकरी मिळत नाही. कारण सांगायचं की नाही, हा सर्वस्वी तुमचा अधिकार आहे. न सांगणं म्हणजे फसवणूक नव्हे. पण तो खंड आधीच्या नोकरीची तारीख पुढे ढकलून बुजवलात, तर ती फसवणूक आहे.

‘आम्ही’चं ‘मी’ करणं

सगळ्यात जास्त आढळणारी चूक हीच, आणि दुसऱ्याच्या श्रमावर डल्ला मारणारीही हीच. सहा जणांच्या टीमने पेमेंटची नवी सिस्टीम बांधलेली असते आणि त्यातल्या चौघांच्या प्रोफाइलवर ‘नवी पेमेंट सिस्टीम उभारली’ असं लिहिलेलं असतं. चौघांनीही एकाच कंपनीत अर्ज केला तर काय होईल, याचा विचार कुणी केलेला नसतो.

त्याऐवजी असं लिहून बघा: ‘सहा जणांच्या टीममध्ये पैसे परत करण्याचा भाग माझ्याकडे होता. एकाच ग्राहकाला दोनदा रक्कम जाण्याची चूक शोधून ती बंद केली.’ वाक्य लहान वाटतं, पण वजनदार आहे. मुलाखतीत यावर दहा प्रश्न विचारले तरी तुम्हाला उत्तरं देता येतील, कारण ते काम खरोखर तुमच्या हातून झालं आहे. पहिल्या वाक्यावरचा तिसराच प्रश्न तुम्हाला अडवेल.

टक्क्यांचंही तसंच. ‘विक्री ४० टक्क्यांनी वाढवली’ असं लिहिताना मूळ आकडा सोबत द्या. १० ग्राहकांचे १४ झाले तरी वाढ ४० टक्केच असते. १० चे १४ करणं ही काही कमीपणाची गोष्ट नाही. लपवलं की मात्र ती तशी दिसू लागते.

पदवीला हात लावणं

याहूचे सीईओ स्कॉट थॉम्पसन यांच्या अधिकृत परिचयात अकाउंटिंगबरोबर कॉम्प्युटर सायन्सचीही पदवी लिहिलेली होती. प्रत्यक्षात त्यांची पदवी अकाउंटिंगचीच होती. पद स्वीकारून जेमतेम चार महिने झाले होते, तेवढ्यात मे २०१२ मध्ये त्यांना ते सोडावं लागलं. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या प्रवेश विभागाच्या डीन मॅरिली जोन्स यांनी २००७ मध्ये राजीनामा दिला, तोही संस्थेत २८ वर्षं काढल्यावर. नोकरीला लागताना सांगितलेल्या पदव्या त्यांच्याकडे नव्हत्या. त्यांच्या कामाचं कौतुक झालेलं होतं, म्हणूनच हे उदाहरण मला जास्त अस्वस्थ करतं. पुढे कितीही चांगलं काम केलं तरी मागची नोंद खरी होत नाही.

नामांकित विद्यापीठाचा काही आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स ‘शिक्षण’ या रकान्यात टाकणं हा याचाच सौम्य प्रकार. तो ‘प्रमाणपत्रं’ या रकान्यात ठेवा. प्रमाणपत्राची मुदतही बघा. प्रोजेक्ट मॅनेजमेंटमधलं पीएमपी दर तीन वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. मुदत संपली असेल तर तसं लिहा किंवा ते काढून टाका.

दुसऱ्यांची माहिती उघडी टाकणं

पोर्टफोलिओत जुन्या कामाचे स्क्रीनशॉट टाकताना ग्राहकांची नावं, फोन नंबर, आतले आकडे सहज बाहेर पडतात. पीडीएफमध्ये नावावर काळा चौकोन ओढला की काम झालं, असं अनेकांना वाटतं. पण खालचा मजकूर बऱ्याचदा तसाच राहतो आणि कॉपी करून दुसरीकडे पेस्ट केला की वाचता येतो. नमुन्यासाठी काल्पनिक माहिती भरून नवा स्क्रीनशॉट घ्या, आणि टाकण्याआधी जुन्या कंपनीला विचारा.

‘तू माझी शिफारस लिही, मी तुझी लिहितो’ हा व्यवहारही टाळा. ज्याचं काम जवळून पाहिलेलं नाही, त्याच्याबद्दल लिहू नका.

आधीच चुकीचं लिहिलं असेल तर

आजच बदला. लिंक्डइनवर बदल करताना ओळखीच्यांना सूचना जाऊ नये अशी सेटिंग आहे, ती आधी बघून घ्या. मग जिथे जिथे तीच माहिती आहे ते सगळं दुरुस्त करा: जॉब पोर्टल, स्वतःची वेबसाइट, सीव्हीच्या जुन्या फाइल, भाषणासाठी आयोजकांना दिलेला परिचय. हा परिचय हमखास विसरला जातो.

कुठे निवडप्रक्रिया सुरू असेल तर नुसतं प्रोफाइल बदलून भागत नाही, तिथे कळवावंच लागतं. ते ऑफर येण्याआधी कळवा, नंतर नाही. मेल दोन-तीन ओळींचा पुरे: ‘मी पाठवलेल्या सीव्हीत पदवी पूर्ण असल्याचं लिहिलं आहे. ते चुकीचं आहे, शेवटच्या वर्षाचे दोन विषय राहिले आहेत. दुरुस्त सीव्ही सोबत जोडला आहे.’ त्यात सबबी घालू नका. कारण विचारलं, तर त्या वेळी सांगा.