रॅगवर काम करताय? या चुका टाळा

बी आणि टी या प्रतिकारपेशींमध्ये प्रतिपिंडं आणि रिसेप्टरांची जनुकं कापून नव्याने जुळवणारी रॅग१-रॅग२ ही प्रथिनांची जोडी मूळची उड्या मारणाऱ्या, म्हणजे डीएनएत एका जागेवरून निघून दुसरीकडे घुसणाऱ्या, जनुकाची. तिची उडी मारायची खोड यजमानाने, म्हणजे ज्या प्राण्यात ती वस्तीला आली त्याने, कशी मोडली, या प्रश्नावर दरवर्षी नवी मुलं येतात आणि त्याच त्या खड्ड्यांत पडतात.

सगळ्यांत मोठा खड्डा म्हणजे परीक्षानळीत उडी दिसली की ती पेशीतही होते असं धरून चालणं. कापलेला तुकडा रॅग दुसऱ्या डीएनएत घुसवू शकतं, हे १९९८ साली दोन प्रयोगशाळांनी दाखवलं. मुलं हे वाचतात आणि पुढचं वाचायचं सोडून देतात. त्या प्रयोगांतली प्रथिनं छाटलेली होती. पूर्ण लांबीचं रॅग२ घेतलं की उडी बरीच मंदावते. छाटून उरलेल्या प्रथिनातही कुलपं आहेतच. रॅग१ मधलं ८४८ क्रमांकाचं अमिनो आम्ल आर्जिनिन आणि रॅग२ मधला आम्लधर्मी पट्टा हे जबड्याच्या पृष्ठवंशीयांनी कमावलेले बदल. ते दोन्ही मिळून उडी हजार पटींहून जास्त दाबतात, हे २०१९ मध्ये कळलं. म्हणून पूर्ण प्रथिन आणि जिवंत पेशी दोन्ही असल्याशिवाय मी निकाल बघतच नाही. छाटलेलं प्रथिन शुद्ध करायला सोपं पडतं, ठीक आहे. पण सोपं पडतं म्हणून निष्कर्षही तितकाच सैल काढायचा?

पीसीआरने डीएनएच्या प्रती काढल्या आणि जेलवर बँड, म्हणजे पट्टी, दिसली की झाली उडी, हेही चालणार नाही. सीक्वेन्सिंग करा, डीएनएची अक्षरं वाचा. खऱ्या उडीत घुसलेल्या तुकड्याच्या दोन्ही बाजूंना तीच अक्षरं दोनदा येतात, बहुतेकदा पाच.

दुसरा लाडका घोळ मँगनीजचा. एक विद्यार्थी धावत आला, “सर, १२/२३ चा नियम मोडला!” रॅग डीएनएवरच्या ठरावीक खुणांपाशी कापतं. नियम असा, की १२ अक्षरांच्या अंतराची खूण २३ वालीसोबत जोडीत आली तरच दोन्ही नीट कापल्या जातात. याच्या नळीत नुसती १२ वाली होती, तरी कापली गेली. जेलचे फोटो गाइडकडे पोचलेसुद्धा होते. मी विचारलं, “बफरमध्ये, ज्या द्रावणात कापलंस त्यात, काय आहे?”

“मँगनीज, सर. मॅग्नेशियमने बँड फिका येतो.”

झालं! मँगनीजमध्ये रॅग जोडीदाराची वाट न बघता कापतं. यजमानाने घातलेला धाक बघायचा होता आणि यानेच तो बफरमधून काढून टाकला होता. मॅग्नेशियम घाला, फिका बँड सहन करा, जेल रात्रभर एक्सपोज करा. घाई असेल तर हा विषय घेऊ नका.

आणि ‘सर्व पृष्ठवंशीयांत रॅग असतं’ असं लिहू नका. लॅम्प्रे हा बिनजबड्याचा पृष्ठवंशीय, त्याची प्रतिकारयंत्रणा वेगळीच आहे, तिच्यात रॅग नाही. उलट लॅन्सलेट या माशासारख्या छोट्या समुद्री प्राण्यात, म्हणजे पृष्ठवंशीयांच्याही बाहेर, रॅगचा उड्या मारणारा भाऊबंद २०१६ मध्ये सापडला.

वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे अँटीबॉडीने प्रथिन शोधायच्या चाचणीत, रॅग२ फिकं दिसतं म्हणून लगेच नवी अँटीबॉडी मागवू नका. डीएनएची नक्कल सुरू व्हायच्या वेळी पेशी रॅग२ ला फॉस्फेटची खूण लावून मोडीत काढते. ती खूण लागते ४९० व्या अमिनो आम्लावर, थ्रिओनिनवर, आणि छाटलेल्या रॅग२ मध्ये तेवढा भागच नसतो. पेशी चक्राच्या कुठल्या टप्प्यात आहेत ते आधी बघा. अँटीबॉडी महाग असते.